जबाबदार : ज्याला जबाब द्यायचा आहे





हाताखालच्या माणसांशी कसे बोलावे, हा या महिन्याचा विषय आहे. त्यावर काही लिहिण्यापूर्वी माझीच एक चूक आपल्यासमोर ठेवतो, कारण या उपदेशाचा पहिला श्रोता मीच आहे.

गेल्या हिवाळ्यात एका पहाटे आमच्या मशिदीत फजरची अजान सात-आठ मिनिटे उशिरा झाली. नमाजी येऊन बसले होते आणि घड्याळाकडे पाहत होते. आमचे मुअज्जिन वयाने माझ्या वडिलांएवढे आहेत. ते धापा टाकत आले, अजान दिली आणि जमात झाली. सलाम फिरवताच मी चाळीसएक माणसांसमोर मोठ्या आवाजात म्हणालो, "जमत नसेल तर तसं सांगा. कमिटी दुसरा माणूस ठेवील." ते काही बोलले नाहीत. मान खाली घालून वजूखान्याकडे गेले आणि नळ तपासू लागले.

सकाळी खोलीवर येऊन मोबाईल पाहिला, तेव्हा त्यावर रात्री तीन वाजताचा त्यांचा संदेश न उघडलेला पडला होता. वस्तीतील एका एकट्या राहणाऱ्या वृद्धाचे निधन झाले होते. मय्यतला गुस्ल देण्यासाठी माणूस मिळत नव्हता म्हणून ते गेले होते. अजानला उशीर झाला तर आपण द्यावी, अशी विनंती त्यांनी मला केली होती. थोडक्यात, त्या पहाटेची चूक त्यांची नव्हतीच. संदेश न पाहणारा मी होतो आणि ओरडणाराही मीच होतो.

मी त्यांच्या खोलीवर गेलो आणि क्षमा मागितली. ते म्हणाले, "हजरत, तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तुम्ही विचारलंच नाही."

हे वाक्य अनेक दिवस माझ्या मनातून गेले नाही. मदरशात मी आठ वर्षे कुरआन, हदीस आणि बलागत शिकलो. पुढे मराठी घेऊन बी. ए. केले. म्हणजे दोन भाषांतून सुंदर बोलण्याचे शिक्षण माझ्याकडे होते, पण बोलण्यापूर्वी एक प्रश्न विचारण्याची सवय नव्हती.

आपणही जबाबदार आहात

'जबाबदार' हा शब्द आपण मराठीत रोज वापरतो. त्याची फोड केली तर तो 'जबाब' आणि 'दार' असा होतो : ज्याच्याकडे जबाब आहे, ज्याला उत्तर द्यायचे आहे तो. प्रेषितांच्या (स.) एका प्रसिद्ध हदीसचा आशय नेमका हाच आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आली आहे. आपल्यापैकी प्रत्येक जण मेंढपाळ आहे आणि प्रत्येकाला त्याच्या कळपाविषयी विचारले जाणार आहे, असे प्रेषितांनी (स.) शिकवले. त्यात राज्यकर्ता आला, घरातील पुरुष आला, घर सांभाळणारी स्त्री आली आणि मालकाच्या मालाची राखण करणारा सेवकही आला. या हदीसने कोणालाही सुटका दिलेली नाही.

आपण अंधेरीच्या मरोळ भागात किंवा १९७३ साली उभ्या राहिलेल्या सीप्झमध्ये एखाद्या विभागाचे प्रमुख असाल. साकीनाक्याच्या गल्लीत आपला शिलाईचा किंवा जरीचा कारखाना असेल आणि त्यात आठ कारागीर बसत असतील. मुलुंडच्या एखाद्या रुग्णालयात आपण मुख्य परिचारिका असाल, बोरिवलीत दुकान चालवत असाल, घाटकोपरच्या शाळेत मुख्याध्यापिका असाल, किंवा आपल्या घरी एक बाई भांडी घासायला येत असेल. आपल्या एका शब्दावर ज्याची रोजी अवलंबून आहे असा एकजरी माणूस असेल, तरी आपण जबाबदार आहात आणि त्या माणसाशी वापरलेला प्रत्येक शब्द अमानत आहे.

ही केवळ शिष्टाचाराची गोष्ट नव्हे. सहीह मुस्लिममध्ये प्रेषितांनी (स.) खऱ्या दिवाळखोराची ओळख करून दिली आहे. तो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल. मात्र त्याने कुणाला शिवी दिलेली असेल, कुणावर आळ घेतलेला असेल, कुणाला मारलेले असेल. मग त्याचे पुण्य एकेकाला वाटले जाईल आणि ते पुरले नाही तर त्यांचे गुन्हे त्याच्या खात्यावर चढवले जातील. विचार करा, आपल्या फजरच्या नमाजचे पुण्य त्या दिवशी आपल्याच कारखान्यातील पोऱ्याच्या हातात जाताना दिसले तर? त्या पहाटे मी तर फजरची नमाज पढवून उठता क्षणीच ती गमावण्याची व्यवस्था केली होती.

आधी विचारणे : ह. सुलैमान (अलै.) आणि हुदहुद

सूरह नम्लमध्ये (आयत २० ते २८) ह. सुलैमान (अलै.) यांचा प्रसंग आहे. कामावर गैरहजर राहिलेल्या माणसाशी कसे वागावे, याचा यापेक्षा उत्तम धडा मला कुठे मिळाला नाही.

त्यांनी पक्ष्यांच्या तुकडीची पाहणी केली तेव्हा हुदहुद दिसला नाही. त्यांचा पहिला प्रश्न स्वतःविषयी होता : मलाच तो दिसत नाही की तो खरोखर गैरहजर आहे? आरोपाच्या आधी त्यांनी आपली नजर तपासली. मग शिस्तीसाठी कठोर शिक्षेची गोष्ट काढली, पण त्याच वाक्यात एक दार उघडे ठेवले : त्याने स्पष्ट कारण आणले तर गोष्ट वेगळी. थोड्याच वेळात हुदहुद आला आणि म्हणाला की, आपल्याला ठाऊक नसलेली बातमी मी सबा देशातून आणली आहे. एक लहान पक्षी एका बादशहाला सांगतो की, आपल्याला हे ठाऊक नाही! ह. सुलैमान (अलै.) यांनी याला उद्धटपणा मानले नाही. त्यांनी त्याच्यावर आंधळा विश्वासही ठेवला नाही. तू खरा की खोटा ते पाहू, असे म्हणून त्यांनी त्याच्याच चोचीत पत्र दिले आणि कामगिरी सोपवली. पुढे त्याच बातमीतून सबाच्या राणीला सत्याचा मार्ग सापडला.

आता आपल्या कामाच्या ठिकाणाकडे पाहा. सोमवारी एक मुलगा आला नाही. आपण ग्रुपवर, तीस माणसांना दिसेल असा संदेश टाकतो : उद्यापासून येऊ नकोस. त्याच्या घरी काय घडले, लोकल कुठे अडकली, आई कोणत्या रुग्णालयात आहे, हे विचारायला अर्धे मिनिटही लागत नाही. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत श्रद्धावंतांना आदेश आहे की, बातमी आली तर पडताळून घ्या, नाही तर अजाणतेपणी कुणाचे नुकसान कराल आणि मग पश्चात्ताप करत बसाल. त्या पहाटेनंतर ही आयत जमातीत वाचताना माझा आवाज जड झाला होता.

पोहोचणारे शब्द

मदरशातील 'बलागत' या विषयाचे नाव ज्या अरबी धातूपासून आले त्याचा अर्थ आहे पोहोचणे. 'तब्लीग' आणि 'बालिग' हेही त्याच कुळातील शब्द. उस्तादांनी पहिल्याच धड्यात शिकवले होते की, शब्द कितीही सुंदर असोत, ऐकणाऱ्याच्या स्थितीला अनुरूप नसतील तर ती बलागत नव्हे. कुरआनने बोलण्यासाठी 'कौल' हा शब्द वापरला आहे, आणि मराठीने तो आपलासा केला तो वचन आणि अभय या अर्थाने. कौल दिला म्हणजे शब्द दिला. जबाबदार माणसाचे बोलणे असेच असते. ते हवेत विरत नाही, ऐकणारा ते जपून ठेवतो. कुरआनने हा कौल कसा असावा हे वेगवेगळ्या ठिकाणी सांगितले आहे. त्यातील चार प्रकार आपल्या कामाचे आहेत.

पहिला, कौले बलीग (सूरह निसा, आयत ६३) : मनापर्यंत पोहोचणारे बोलणे. सूरह इब्राहीमच्या चौथ्या आयतीत म्हटले आहे की, प्रत्येक प्रेषित आपल्या लोकांच्याच भाषेत संदेश घेऊन आला, जेणेकरून त्यांना तो स्पष्ट समजावा. मुंबईच्या एका कारखान्यात मराठी, उर्दू, भोजपुरी, बंगाली आणि तेलुगू बोलणारे हात एकाच यंत्रावर चालतात. तिथे इंग्रजीत लिहिलेली सूचना भिंतीवर लावून आपले कर्तव्य संपत नाही. आमच्या जमातीत एक कारागीर आहे. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे प्रेस मशीनखाली गेली. तो मला म्हणाला, "सांगितलं होतं हजरत, पण काय सांगितलं ते कळलं नव्हतं." आणि कळले नाही असे म्हणायची त्याला भीती वाटली होती. प्रेषित (स.) इतके सावकाश बोलत की कुणी शब्द मोजू म्हटले तर मोजू शकला असता, असे ह. आयेशा (रजि.) सांगतात. महत्त्वाची गोष्ट ते तीनदा सांगत म्हणजे ती नीट समजावी, असे ह. अनस (रजि.) सांगतात. आपण एकदा घाईत सांगतो आणि वर म्हणतो, 'एकदा सांगितलं ना!'

दुसरा, कौले सदीद (सूरह अहजाब, आयत ७०) : सरळ, खरे बोलणे. ऑर्डर रद्द झाली आहे, पुढच्या महिन्यात काम कमी आहे, पगार चार दिवस उशिरा होणार आहे, हे माणसांना स्पष्ट सांगा. 'बघू', 'होईल', 'इन्शाअल्लाह' असे म्हणून टोलवू नका. अल्लाहचे नाव घेऊन टाळाटाळ करणे हा त्या पवित्र शब्दाचा अवमान आहे.

तिसरा, कौले लय्यिन (सूरह ताहा, आयत ४४) : मृदू बोलणे. ह. मूसा आणि ह. हारून (अलै.) यांना फिरऔनकडे पाठवताना मृदू बोलण्याचा आदेश झाला. फिरऔनहून मोठा जुलमी कोण? आणि ह. मूसांहून (अलै.) श्रेष्ठ असा आपल्यात कोण आहे? जर त्यांना त्याच्याशी मृदू बोलावे लागले, तर चहा उशिरा आणणाऱ्या पोऱ्यावर ओरडण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? एक मात्र ध्यानात घ्या : ह. मूसांचे (अलै.) शब्द मृदू होते, मागणी मृदू नव्हती. बनी इस्राईलच्या सुटकेच्या प्रश्नावर त्यांनी तडजोड केली नाही. ठाम असणे आणि कठोर बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चौथा, कौले मैसूर (सूरह बनी इस्राईल, आयत २८) : सोपे, दिलासा देणारे बोलणे. मागणाऱ्याला देण्यासाठी आज आपल्याकडे काही नसेल, तर निदान शब्द तरी हळुवार असावेत, असा त्या आयतीचा आशय आहे. कारागीर बहिणीच्या लग्नासाठी उचल मागतो. आपल्याला ती देता येत नाही. नकार दोन प्रकारे देता येतो. 'माझ्याकडे काय झाड आहे का?' हा एक प्रकार. 'आज खरंच जमत नाही, दहा तारखेला बिल आलं की बसू' हा दुसरा. पहिल्या दिवशी दोघांचेही हात रिकामेच राहतात, पण पहिला माणूस अपमान घेऊन घरी जातो.

यात एक सावधगिरीची सूचना आहे. गोड शब्द हे हक्काच्या पैशाचा पर्याय होऊ शकत नाहीत. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी द्या, ही इब्ने माजातील शिकवण आपल्या परिचयाची आहे. बुखारीतील एका हदीसचा आशय तर अंगावर काटा आणणारा आहे : ज्याने माणूस कामावर लावला, पूर्ण काम करून घेतले आणि मोबदला दिला नाही, त्याच्याविरुद्ध कयामतच्या दिवशी खुद्द अल्लाह उभा राहील. तेव्हा आधी मजुरी, मग मृदुता. मजुरी बुडवून केलेले स्मितहास्य ही फसवणूक आहे.

जिअराना आणि गिरणगाव

बंधू-भगिनींनो, आता असंतोषाविषयी बोलू. जबाबदार माणसाच्या बोलण्याची खरी परीक्षा तिथे होते.

हिजरी सन ८ मध्ये हुनैनच्या लढाईनंतर जिअराना येथे प्रेषितांनी (स.) लढाईत मिळालेल्या मालाचे वाटप केले. नव्याने इस्लाम स्वीकारलेल्या कुरैशच्या सरदारांना भरभरून मिळाले. मदीनेच्या अन्सारना, ज्यांनी संकटकाळी आसरा दिला होता, त्यांना त्यातले काही मिळाले नाही. त्यांच्यातील काही तरुण कुजबुजू लागले. अन्सारचे सरदार ह. सअद बिन उबादा (रजि.) यांनी ही गोष्ट प्रेषितांच्या (स.) कानावर घातली. प्रेषितांनी (स.) विचारले की, या बाबतीत तुमचे स्वतःचे मत काय? ते प्रामाणिकपणे म्हणाले की, मीही माझ्याच लोकांतला आहे.

पुढे काय झाले ते पायरीपायरीने पाहा. बातमी आणणाऱ्यावर राग निघाला नाही. कोण कुजबुजले, त्यांची नावे मागितली गेली नाहीत. मधल्या माणसाच्या हाती निरोपही पाठवला गेला नाही. प्रेषितांनी (स.) सर्व अन्सारना एका ठिकाणी एकत्र बोलावले, स्वतः त्यांच्यासमोर गेले आणि जे कानावर आले ते खरे का, असे विचारले. अल्लाहने त्यांच्यावर केलेल्या कृपेची आठवण दिली. ते अदबीने गप्प राहिले तेव्हा, तुम्हालाही उत्तर देता येईल आणि ते खरेच असेल, असे सांगून त्यांच्या वतीने त्यांची बाजू प्रेषितांनी (स.) स्वतःच मांडली : मला लोकांनी नाकारले होते तेव्हा तुम्ही मानलेत, मला कुणी नव्हते तेव्हा तुम्ही मदत केलीत, मला घर नव्हते तेव्हा तुम्ही आसरा दिलात. मग वाटपाचे कारण सांगितले : त्या नव्या लोकांची मने जोडायची होती आणि तुमच्या ईमानवर माझा भरवसा होता. शेवटी विचारले की, लोक उंट-बकऱ्या घेऊन घरी जातील आणि तुम्ही अल्लाहच्या प्रेषिताला घेऊन घरी जाल, यात तुम्ही खूश नाही का? अन्सार इतके रडले की त्यांच्या दाढ्या भिजल्या.

या सभेत एकाही अन्सारला एक उंटही मिळाला नाही. निर्णय बदलला नाही, तरी मने जुळली. कारण त्यांचे दुःख त्यांच्या तोंडून ऐकण्याची वाट न पाहता प्रेषितांनी (स.) ते स्वतःच्या तोंडाने उच्चारले आणि त्यांचे उपकार मोजून मान्य केले. निर्णयामागचे कारणही लपवले नाही.

आता दुसरे चित्र पाहू, आपल्याच शहरातले. डॉ. दत्ता सामंत हे मूळचे घाटकोपरचे डॉक्टर. तेथील दगडखाणींतल्या मजुरांवर उपचार करता करता ते त्यांचे पुढारी झाले. १९८१ च्या अखेरीस बोनसवरून नाराज झालेले गिरणी कामगार परळ-लालबागहून त्यांच्या दारी आले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्या काळी १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे वाटाघाटी करायच्या तर त्या मान्यताप्राप्त संघटनेशी, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाशीच करायच्या होत्या. कामगारांचा विश्वास होता दुसऱ्यावर आणि मालकांचे बोलणे होत होते तिसऱ्याशीच. महिन्यांमागून महिने गेले. तो संप अधिकृतपणे कधी मागेही घेतला गेला नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि लाखो संसार उघड्यावर आले. त्यांत कोकणातून आणि घाटावरून आलेल्यांची घरे होती, तशीच मदनपुऱ्यातील मोमिन विणकरांचीही होती.

संपात कुणाचे किती चुकले याचा निवाडा करण्याची ही जागा नाही. त्यामागे अर्थकारण होते, राजकारण होते, जमिनीचे भावही होते. पण एक गोष्ट उघड आहे : ज्यांचे दुःख होते आणि ज्यांच्या हाती निर्णय होता, ते समोरासमोर बसून बोलले नाहीत. जिअरानात असंतोषाची बातमी कानी येताच सभा भरली. गिरणगावात तशी सभा भरलीच नाही.

आपल्या दहा माणसांच्या कारखान्यातही एक लहान गिरणगाव असते. जेवणाच्या सुट्टीत आपण जवळून गेलो की बोलणे थांबते, हे आपल्याला जाणवते. तेव्हा 'कोण बोलत होता?' असे विचारणे सोपे असते. प्रेषितांचा (स.) मार्ग 'काय बोलत होतात?' असे विचारण्याचा आहे, आणि उत्तर आले नाही तर ते आपणच मांडण्याचा आहे : "गेल्या वर्षी पूर आला तेव्हा तुम्ही रात्रभर थांबून माल वाचवलात आणि दिवाळीला मी नव्या माणसांना तुमच्याएवढंच दिलं. तुम्हाला वाईट वाटलं असेल." एवढे म्हणण्याने मालक लहान होत नाही.

नावाने हाक आणि चारचौघांतील अपमान

ह. अबू जर (रजि.) हे थोर सहाबी. एकदा त्यांनी एका माणसाला त्याच्या आईच्या वंशावरून हिणवले. प्रेषितांनी (स.) त्यांना बजावले की, तुमच्यात अजून अज्ञानकाळाचा अंश शिल्लक आहे. आणि मग ती महान शिकवण दिली : हाताखालची माणसे ही आपली भावंडे आहेत, त्यांना अल्लाहने आपल्या हाताखाली ठेवले आहे, आपण खातो ते त्यांना खाऊ घालावे, आपण नेसतो ते त्यांना नेसवावे, झेपणार नाही असे काम सांगू नये आणि सांगितलेच तर स्वतः हात लावावा.

आता आपल्या कारखान्यातील हाका आठवा. 'ए भय्या', 'ए घाटी', 'ए काळ्या', 'ए छोटू'. सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीत एकमेकांची थट्टा करण्यास आणि वाईट नावांनी हाक मारण्यास मनाई आहे. आपल्याकडे पाच वर्षे काम करणाऱ्या मुलाचे खरे नाव आपल्याला ठाऊक आहे का? तो कोणत्या धर्माचा आहे हा प्रश्न इथे येतच नाही. पीडिताच्या दुआमध्ये आणि अल्लाहमध्ये पडदा नसतो, अशी ताकीद प्रेषितांनी (स.) ह. मुआज (रजि.) यांना यमनचे अधिकारी म्हणून पाठवतानाच दिली होती. अधिकार हाती देताना दिलेली ही ताकीद प्रत्येक अधिकाऱ्याने लक्षात ठेवावी.

चूक दाखवूच नये, असा याचा अर्थ नाही. पण प्रेषित (स.) चारचौघांत नाव घेत नसत. काही लोकांना काय झाले आहे की ते असे असे करतात, एवढेच म्हणत. ज्याला समजायचे त्याला समजत असे आणि त्याचा चेहराही वाचत असे. ह. अनस (रजि.) यांनी दहा वर्षे त्यांची सेवा केली. ते सांगतात की, त्या काळात प्रेषितांनी (स.) कधी त्रासिक उद्गारही काढला नाही, हे का केलेस आणि ते का केले नाहीस असे कधी विचारले नाही. दहा वर्षे, आणि तीही एका लहान मुलाबरोबर!

नेत्याला कोण सांगणार?

एक बंधू मला म्हणाले, "मौलाना, एवढं ऐकून घेत बसलो तर लोक डोक्यावर बसतील." ही भीती जुनी आहे आणि तिचे उत्तर उहुदच्या मैदानावर मिळते. मदीनेतच राहून सामना करावा असा प्रेषितांचा (स.) कल होता. तरुण सहाबींनी बाहेर पडण्याचा आग्रह धरला आणि सल्लामसलतीने तसे ठरले. पुढे तिरंदाजांनी जागा सोडली आणि सुमारे सत्तर सहाबी शहीद झाले. अशा वेळी सल्ला घेणेच बंद करा, असा आदेश आला असता तर आपल्या बुद्धीला तो पटला असता. परंतु सूरह आलि-इम्रानच्या १५९ व्या आयतीत उलट सांगितले गेले. प्रेषित (स.) मृदू आहेत ही अल्लाहची कृपा आहे, ते कठोर असते तर लोक त्यांच्या भोवतालून पांगले असते. म्हणून त्यांना माफ करावे, त्यांच्यासाठी क्षमायाचना करावी, कामकाजात त्यांचा सल्ला घेत राहावा आणि एकदा निश्चय झाला की अल्लाहवर भरवसा ठेवावा. यात ऐकणेही आहे आणि निश्चयही आहे. ऐकणारा नेता दुबळा असतो, हा समज याच आयतीने खोडून काढला आहे.

ह. अबू बकर (रजि.) खलीफा झाले तेव्हा पहिल्याच भाषणात त्यांनी सांगितले की, मी तुमच्यातला सर्वोत्तम नसताना माझ्यावर ही जबाबदारी आली आहे. मी नीट वागलो तर साथ द्या आणि चुकलो तर सरळ करा. आपल्या हाताखालच्या माणसाने आपल्याला शेवटचे कधी सरळ केले होते? आठवत नसेल, तर आपण चुकत नाही असे समजू नये. बहुधा सांगण्याची वाट आपणच बंद केलेली आहे.

आज झोपण्यापूर्वी

मुअज्जिन चाचांची गोष्ट अर्धी राहिली. त्यांनी मला त्यांच्या खोलीत माफ केले होते, तरी माझ्या मनाला चैन नव्हते. बुखारीतील ती हदीस पुन्हा पुन्हा आठवत होती : ज्याने आपल्या भावाच्या अब्रूवर जुलूम केला असेल त्याने तो आजच मिटवून घ्यावा, तो दिवस येण्यापूर्वी ज्या दिवशी दीनार-दिरहम चालणार नाहीत. मग ध्यानात आले की, मी अब्रू चाळीस माणसांसमोर घेतली होती आणि क्षमा बंद दाराआड मागितली होती. हा हिशेब जुळत नव्हता. दुसऱ्या दिवशी फजरनंतर मी उठून उभा राहिलो आणि त्याच सफांसमोर सांगितले की, काल चूक माझी होती, त्यांची नव्हती, ते रात्री कुठे होते आणि मी काय पाहिले नव्हते. मिंबरवर चढून खुतबा देणे सोपे असते. ही चार वाक्ये बोलताना माझे पाय थरथरत होते. चाचा काही बोलले नाहीत. त्यांनी पुढे येऊन मुसाफहा केला आणि माझा हात जरा वेळ धरून ठेवला.

वाचक बंधू-भगिनींनो, आज रात्री झोपण्यापूर्वी एकच काम करा. आपल्या हाताखालच्या माणसांची नावे, खरी नावे, मनात घ्या. ज्या नावापाशी मन अडखळेल, त्या माणसाला उद्या कामावर गेल्यावर प्रथम भेटा. विचारायचे राहिले असेल तर विचारा. क्षमा मागायची असेल तर ती जिथे अपमान केला तिथेच आणि ज्यांच्यासमोर केला त्यांच्यासमोरच मागा. मजुरी थकली असेल तर बोलण्याआधी ती द्या.

हे अल्लाह, आमच्या हाती दिलेल्या माणसांविषयी तू आम्हाला विचारशील तेव्हा आम्ही निरुत्तर होऊ नये असे आम्हाला वागव. आमच्या जिभेवर सत्य आणि मृदुता ठेव आणि आमच्या कानांना दुर्बलांचे ऐकण्याची सवय लाव. आमच्या शब्दांनी दुखावलेल्यांची मने आमच्यासाठी मोकळी कर. आमीन.